मुंबईचे रॉक संगीत आणि मराठी रंगभूमी (१९७०–१९८०) : नंदू भेंडे यांच्या कार्याच्या संदर्भात

मराठी संगीताच्या इतिहासाचे जे ग्रंथ महाविद्यालयीन अभ्यासक्रमात वापरले जातात, त्यांचा क्रम बहुधा ठरलेला असतो. ओवी-अभंग, शाहिरी, नाट्यसंगीत, भावगीत, चित्रपटगीत आणि अखेरीस सुगमसंगीत. या क्रमात १९७० ते १९८० या काळात मुंबईत वाजत असलेल्या रॉक संगीताला एक परिच्छेदही मिळत नाही. ते इंग्रजी होते, ते महानगरातील एका लहानशा वर्गाचे होते आणि ते इंग्लंड-अमेरिकेची नक्कल होते, अशी तीन कारणे त्यासाठी दिली जातात. पहिली दोन बऱ्याच अंशी खरी आहेत. तिसरे मात्र तपासून पाहण्याजोगे आहे. कारण नकलेचा हाच निकष काटेकोरपणे लावला, तर मराठी संगीताच्या इतिहासातील काही सर्वमान्य प्रकरणेही गाळावी लागतील. शिवाय या संगीताचा एक धागा थेट मराठी रंगभूमीपर्यंत आलेला आहे. त्या धाग्याचे नाव नंदू भेंडे.

इंग्लंडमध्येही त्या काळातील सगळ्याच वाद्यवृंदांच्या वाट्याला कीर्ती आली असे नाही. बर्मिंगहॅम शहरात ‘व्हेल्व्हेट फॉग’ नावाचा एक वाद्यवृंद होता. १९६९ साली त्याची एकच दीर्घध्वनिमुद्रिका निघाली आणि तो विस्मृतीत गेला. पुढे ‘ब्लॅक सॅबथ’चा गिटारवादक म्हणून जगप्रसिद्ध झालेला टोनी आयोमी १९६८ मध्ये काही काळ या वाद्यवृंदात होता, एवढ्यापुरतेच त्याचे नाव आज निघते. इंग्रजी लिपीत एखाद्या अक्षराचा फरक करून हेच नाव मुंबईतील एका वाद्यवृंदानेही धारण केले होते आणि तरुण नंदू भेंडे त्याचे गायक होते. ब्रिटनमधील विस्मृत वाद्यवृंदांना पुढे संग्राहक मिळाले, जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या नव्या आवृत्त्या निघाल्या, त्यांच्यावर पुस्तके लिहिली गेली. मुंबईच्या वाद्यवृंदांच्या वाट्याला त्या मानाने फार थोडे आले. सिद्धार्थ भाटिया यांचे या विषयावरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध व्हायला २०१४ साल उजाडावे लागले. त्या पिढीचे ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ या मुंबईच्या वाद्यवृंदाचे संगीत २०११ मध्ये पुन्हा प्रसिद्ध झाले, तेही एका अमेरिकी कंपनीकडून.

साधनांची टंचाई आणि श्रोत्यांचे वर्तुळ

या संगीताचा पाया फार अरुंद होता. परदेशी गिटार, ध्वनिवर्धक, ढोलसंच यांची आयात परवान्यांच्या आणि जबर जकातीच्या कचाट्यात सापडलेली होती. त्यामुळे अनेकांना स्थानिक कारागिरांकडून यंत्रे जुळवून घ्यावी लागत, किंवा परदेशातून परतणाऱ्या ओळखीच्या माणसावर भिस्त ठेवावी लागे. ध्वनिमुद्रण म्हणजे प्रामुख्याने ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया. या कंपनीचा व्यवहार चित्रपटगीतांवर चालत असे. साठीच्या दशकाच्या अखेरीस पॉलिडॉर ही दुसरी कंपनी आली, तरी इंग्रजी गाणाऱ्या भारतीय तरुणांसाठी दार किलकिलेच राहिले. मग आश्रय मिळाला तो हॉटेलांचा, महाविद्यालयीन संमेलनांचा आणि सिगारेटच्या जाहिरातीचा. इम्पीरियल टोबॅको कंपनीने आपल्या ‘सिमला’ सिगारेटच्या प्रचारासाठी अखिल भारतीय ‘सिमला बीट’ स्पर्धा भरवल्या. त्यांतील निवडक गाण्यांच्या १९७० आणि १९७१ च्या ध्वनिमुद्रिका हा त्या काळाचा आज उपलब्ध असलेला सर्वांत मोलाचा पुरावा होय. मद्रास, बंगलोर, कलकत्ता, शिलाँग, अहमदाबाद, मुंबई अशा शहरांतील वाद्यवृंद त्यात आहेत, आणि लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की त्यांतील बरीच गाणी त्या त्या वाद्यवृंदाने स्वतः रचलेली आहेत. निव्वळ नक्कल हा आरोप येथेच काहीसा लंगडा पडतो. १९७१ मध्ये लोणावळ्याजवळ मळवली येथे ‘स्नेहयात्रा’ नावाचा उघड्या माळावरचा संगीतमेळा झाला. कलकत्त्याहून निघणाऱ्या ‘ज्युनियर स्टेट्समन’ (१९६७–१९७७) या इंग्रजी साप्ताहिकाने या पिढीला स्वतःचे असे एक व्यासपीठ दिले. तथापि या साऱ्याचे वर्तुळ ठरावीक शहरांतील ठरावीक शाळा-महाविद्यालयांपुरते होते. मराठी वृत्तपत्रे वाचणाऱ्या बहुसंख्य घरांत त्याचा आवाज पोहोचत नव्हता.

नकलेचा प्रश्न

परक्या वळणाचे संगीत मराठीत पूर्वी कसे आले, हे येथे थोडे विस्ताराने पाहणे आवश्यक आहे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा प्रयोग झाला, तेव्हा त्यातील पदांच्या चाली साकी, दिंडी, लावणी यांच्याबरोबरच कर्नाटकातून आणि पारशी रंगभूमीवरूनही आलेल्या होत्या. ‘मानापमान’ (१९११) आणि ‘स्वयंवर’ (१९१६) या नाटकांच्या काळात हिंदुस्थानी ख्याल-ठुमरीच्या बंदिशी मराठी शब्दांत बसवल्या गेल्या. गोविंदराव टेंबे आणि भास्करबुवा बखले यांच्या या कामाला कोणी नक्कल म्हणत नाही, आणि ते योग्यच आहे. पण या साऱ्या संगीताचा कणा बनलेली पेटी, म्हणजे हार्मोनियम, हे तर उघडउघड युरोपीय वाद्य. १९४० साली आकाशवाणीने या वाद्याला परके आणि भारतीय स्वरांना घातक ठरवून आपल्या कार्यक्रमांतून हद्दपार केले, आणि ती बंदी पुढे कित्येक वर्षे टिकली. महाराष्ट्राने मात्र पेटीला सोडले नाही. बंदी घालणाऱ्यांचा शास्त्रीय मुद्दा चुकीचा नव्हता. पेटीतून मींड निघत नाही, हे पेटीवादकही मान्य करतात. तरीही वाद्य रुजले, कारण ते मराठी शब्द आणि मराठी गळा यांच्या सेवेला लागले होते.

वऱ्हाडात जन्मलेले केशवराव भोळे यांचे उदाहरण याहून अधिक जवळचे आहे. ‘आंधळ्यांची शाळा’ (१९३३) या नाटकाच्या संगीतात त्यांनी आलापीचा पसारा आवरून भावगीताच्या घाटाची आटोपशीर पदे दिली. प्रभातच्या ‘कुंकू’ (१९३७) या चित्रपटात तर त्यांनी शांता आपटे यांच्या तोंडी लाँगफेलोची एक इंग्रजी कविताच घातली. ते गाणे कथेत खपून गेले, कारण शिकलेल्या आणि बंड करणाऱ्या नायिकेच्या मनाचा तो एक स्वाभाविक उद्गार होता. वीस वर्षांनी ‘आशा’ (१९५७) या हिंदी चित्रपटात सी. रामचंद्र यांनी ‘ईना मीना डीका’ या गाण्यात रॉक अँड रोल आणले. हे रामचंद्र चितळकर पुणतांब्याचे. त्यांचे संगीतशिक्षण काही काळ नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडे झालेले. या गाण्याचे शब्द बव्हंशी निरर्थक आहेत, हा योगायोग मानता येत नाही. परक्या तालाला आपल्या भाषेचा अर्थ कसा जोडावा, हा प्रश्न तेव्हा सुटलेला नव्हता. रामचंद्रांनी तो चतुराईने टाळला.

मुंबईच्या रॉक संगीतासमोर हाच प्रश्न उभा होता आणि त्याने तो इंग्रजीतच राहून टाळला. त्याची खरी मर्यादा येथे आहे. वर्धा जिल्ह्यातील वाचकाला हा फरक समजून घेण्यासाठी दूर जावे लागत नाही. १९३६ साली महात्मा गांधींच्या निमंत्रणावरून तुकडोजी महाराज शेगाव येथे, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, सुमारे महिनाभर राहिले होते. त्यांच्या खंजिरी भजनाची रचना तटस्थपणे पाहिली तर काय दिसते? एक खडा आवाज, हातातल्या चामड्याच्या वाद्याचा ठसठशीत ठेका, लहानसा साथीदारांचा मेळ, थोड्याच स्वरांत फिरणारी चाल आणि समुदायाने उचलून धरायचे ध्रुवपद. रॉक संगीताचा सांगाडाही याच्यापेक्षा फारसा वेगळा नाही. परंतु खंजिरीच्या ठेक्यावर आलेले शब्द मराठी-हिंदी होते, ते शेतकऱ्याला त्याच क्षणी कळत होते आणि १९४२ मध्ये सरकारला ते इतके जाचले की महाराजांना तुरुंगात टाकावे लागले. गोव्यात ख्रिस पेरी आणि लॉर्ना यांनी जॅझ आणि लॅटिन वळणाचे संगीत कोकणीत आणले आणि ते घराघरांत पोहोचले. मुंबईच्या इंग्रजी वाद्यवृंदांना हे भाग्य लाभले नाही. त्यांचे संगीत परके होते म्हणून ते रुजले नाही, हे निदान वरवरचे आहे. ध्रुवपद उचलून धरणारा समुदाय त्यांना मिळू शकला नाही, कारण शब्द समुदायाचे नव्हते.

ज्यूडास ते अंकुश

नंदू भेंडे यांचे वेगळेपण या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. त्यांचे घर मराठी नाटकाचे. वडील आत्माराम भेंडे हे बबन प्रभू यांच्या ‘झोपी गेलेला जागा झाला’सारख्या फार्सांमुळे महाराष्ट्रभर परिचित असलेले दिग्दर्शक आणि नट. आई आशा भेंडे, पूर्वाश्रमीच्या लिली इझिकेल, या बेने इस्राएल समाजातील. रंगभूमीवरील अभिनेत्री आणि व्यवसायाने लोकसंख्याशास्त्रज्ञ. तारा कानिटकर यांच्यासह त्यांनी लिहिलेले लोकसंख्याशास्त्राचे इंग्रजी पाठ्यपुस्तक अनेक महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत आजही आढळते; ते हाताळणाऱ्या प्राध्यापकांपैकी फारच थोड्यांना लेखिकेच्या मुलाचे गाणे ठाऊक असेल. अशा घरातला मुलगा इंग्रजी रॉक गाऊ लागतो, यात बंडखोरीपेक्षा त्या काळच्या मुंबईच्या बहुभाषिक जीवनाचा भाग अधिक होता.

१९७४ साली ॲलेक पदमसी यांनी मुंबईत ‘जीझस ख्राईस्ट सुपरस्टार’ हे संगीतनाट्य इंग्रजीत सादर केले. टिम राईस आणि अँड्र्यू लॉइड वेबर यांची ही कृती १९७० मध्ये आधी ध्वनिमुद्रिकेच्या रूपात आली आणि नंतर रंगभूमीवर गेली. मूळ ध्वनिमुद्रणात येशूचा आवाज ‘डीप पर्पल’चा गायक इयान गिलन याचा होता, तर साथीला ‘ग्रीस बँड’ या आज जवळजवळ विसरल्या गेलेल्या ब्रिटिश वाद्यवृंदातील वादक होते. मुंबईच्या प्रयोगात मधुकर धस येशू झाले आणि ऐन विशीतील नंदू भेंडे ज्यूडास. ज्यूडासची भूमिका या कृतीत सर्वांत अवघड आहे. नाटक त्याच्याच गाण्याने सुरू होते. तो येशूचा विश्वासघात करतो, पण तत्पूर्वी जनसमुदायाच्या भक्तीचे राजकीय परिणाम काय होतील याचा विचार करणारा एकटा तोच असतो. त्याचे गाणे उंच पट्टीत, किंकाळीच्या सीमेवर चालते आणि तरीही प्रत्येक शब्द ऐकू यावा लागतो. मराठी नाट्यगायनात स्वराच्या विस्तारासाठी शब्द लांबवला जातो. येथे शब्द तोडून, आदळून, फेकून म्हणावा लागतो. ही शिस्त या गायकाने चार वर्षांनी मराठीत आणली.

१९७८ मध्ये पुण्याच्या थिएटर ॲकॅडमीने जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली पु. ल. देशपांडे यांचे ‘तीन पैशाचा तमाशा’ रंगभूमीवर आणले. जॉन गे याच्या १७२८ मधील ‘बेगर्स ऑपेरा’वरून बेर्टोल्ट ब्रेख्तने कुर्ट वाइल या संगीतकाराच्या साह्याने १९२८ मध्ये बर्लिनमध्ये ‘थ्री पेनी ऑपेरा’ उभा केला होता. त्याचे हे मराठी रूप. ब्रेख्त मराठीत तोपर्यंत अपरिचित नव्हता. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘देवाजीने करुणा केली’ आणि चिं. त्र्यं. खानोलकरांचे ‘अजब न्याय वर्तुळाचा’ ही रूपांतरे झालेली होती. परंतु त्या दोन्ही नाटकांचा कल लोककथेकडे होता. ‘तीन पैशाचा तमाशा’चे जग शहरी गुन्हेगारांचे, भिकाऱ्यांच्या धंद्याचे आणि पोलिसांशी असलेल्या त्यांच्या भागीदारीचे. हे जग मराठी रंगभूमीवर कोणत्या स्वरात बोलणार, हा प्रश्न होता.

पु. ल. स्वतः पेटीवादक आणि संगीतकार. नाट्यसंगीतावर त्यांचे प्रेम किती होते हे सांगण्याची गरज नाही. या नाटकात त्यांनी आणि थिएटर ॲकॅडमीने एकाच शैलीचा आग्रह धरला नाही. जुन्या नाट्यपदांचे वळण, तमाशाचा बाज, पाश्चात्त्य पॉप यांची सरमिसळ जाणीवपूर्वक केली गेली. वाइलनेही बर्लिनमध्ये नृत्यगृहांतील आणि मद्यगृहांतील संगीत ऑपेरात घुसवून प्रतिष्ठितांना डिवचले होतेच. अंकुश हा ब्रेख्तच्या मॅक द नाइफचा मराठी अवतार. या भूमिकेसाठी नंदू भेंडे यांची झालेली निवड ही संपूर्ण प्रयोगातील सर्वांत धाडसी आणि, निकालाकडे पाहता, सर्वांत अचूक निवड म्हटली पाहिजे. भारदस्त नाट्यगायकाने अंकुश गायिला असता तर तो खलनायक झाला असता किंवा त्याचे विडंबन झाले असते. रॉक गायकाच्या आवाजात गुन्हेगाराविषयी वाटणारे आकर्षण आणि त्याच्या आकर्षकपणाची भीती, दोन्ही एकाच वेळी उमटते. ज्यूडासनंतर अंकुश, म्हणजे प्रेक्षकाने ज्याच्या बाजूने उभे राहू नये असा माणूस, पण ज्याचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय सुटका नाही असा माणूस, सलग दुसऱ्यांदा या गायकाच्या वाट्याला आला.

तांत्रिक अंगानेही काही गोष्टी नोंदवण्याजोग्या आहेत. नाट्यपदात कथानक थांबते आणि गायकाच्या कुवतीनुसार पद वाढते. ‘वन्समोअर’ मिळाला तर आणखी वाढते. रॉक गीताची लांबी बांधलेली असते. कडवे, ध्रुवपद, कडवे, वाद्यांचा तुकडा, ध्रुवपद, आणि गाणे संपते. ब्रेख्तला नाटकात गाणे हवे होते ते भावनेत बुडण्यासाठी नव्हे, तर प्रसंगाकडे बाहेरून पाहण्यासाठी. त्यामुळे आटोपशीर, स्पष्ट कडांचे गीत त्याच्या पद्धतीला अधिक मानवते. दुसरे असे की रॉकचा भर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असतो, तर मराठी कानाला समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, विसावण्याची सवय. मराठी शब्द या ठेक्यावर बसवताना ओढाताण होते खरी. पण पोवाड्यात आणि सवालजवाबांत शब्दांचे लोंढे एका श्वासात फेकण्याची जी जुनी रीत आहे, ती येथे उपयोगी पडते. किंबहुना नाट्यसंगीतापेक्षा शाहिरीच रॉकला अधिक जवळची आहे, हे या प्रयोगाने दाखवून दिले. हा धागा पुढे नेणारी सलग परंपरा मराठी रंगभूमीवर निर्माण झाली नाही. व्यावसायिक नाटकातून गाणेच हळूहळू बाजूला सारले जात होते, आणि प्रायोगिक नाटकाचा ओढा लोककलांच्या पुनर्शोधाकडे होता. त्या शोधाला अनुदाने आणि महोत्सव मिळाले. विजेच्या गिटारीला ‘मूळ’ शोधणाऱ्यांच्या लेखी स्थान नव्हते, आणि येथे समीक्षकांचा निवाडा काहीसा उतावळा झाला असे म्हणावे लागते.

नंदू भेंडे पुढे हिंदी चित्रपटांकडे आणि दूरदर्शन मालिकांच्या संगीताकडे वळले. ‘डिस्को डान्सर’ (१९८२) या चित्रपटातील ‘कृष्णा धरती पे आजा तू’ हे गीत त्यांच्या आवाजात आहे. चित्रपट देशोदेशी, विशेषतः सोव्हिएत रशियात, अफाट लोकप्रिय झाला. त्यामुळे मराठी रंगभूमीवर अंकुश गाणारा आवाज ताश्कंद-मॉस्कोच्या चित्रपटगृहांतही घुमला. ११ एप्रिल २०१४ रोजी त्यांचे मुंबईत निधन झाले. आत्माराम भेंडे त्यानंतर वर्षाच्या आतच, ७ फेब्रुवारी २०१५ रोजी, निवर्तले.

‘तीन पैशाचा तमाशा’ची छापील संहिता ग्रंथालयांत आहे आणि पदव्युत्तर वर्गांत ती ब्रेख्तचे रूपांतर म्हणून शिकवलीही जाते. त्या पुस्तकात अंकुशची गाणी कवितेसारखी ओळीखाली ओळ छापलेली आहेत. ठेका कोठे तुटतो, आवाज कोठे चढतो, वाद्ये कोठे थांबतात, यातले काहीही त्या पानांवर उतरू शकलेले नाही. त्या प्रयोगांत वाजवणारे, गाणारे आणि ते पाहणारे अनेक जण आज सत्तरी ओलांडलेले आहेत.